निळं की काळं?

गेल्या वर्षी मे महिन्यात नात आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. वय वर्षं आठ. पहिले चार दिवस आंबे, पत्ते आणि कार्टून यांत गेले. पाचव्या दिवशी सकाळी तिनं जाहीर केलं, "आबा, मला बोअर होतंय." तिच्या आजीच्या गुडघ्यांनी आधीच रजा टाकलेली, आई-बाबा मुंबईत कामावर. राहिलो मी. वय ७१, निवृत्त फॅमिली डॉक्टर, रोजच्या गोळ्या दोन, रिकामा वेळ भरपूर. म्हटलं, चल, तुला केळकर संग्रहालय दाखवतो.

दारात बूट घालत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आबा, मोजे वेगवेगळे घातलेस. एक काळा आहे, एक निळा." मी वाकून पाहिलं. दोन्ही काळेच होते. तसं तिला सांगितलं. तिनं खांदे उडवले आणि जिना उतरायला लागली. मी ते बोलणं तिथल्या तिथे विसरलो.

निघण्याआधी डॉक्टरकी केली ती एवढीच, की ऊन चढायच्या आत बाहेर पडलो, तिच्या डोक्यावर टोपी घातली आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. दुसरी बाटली माझ्यासाठी. साठी-सत्तरीनंतर तहानेची जाणीवच मंदावते. शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि माणूस म्हणतो, 'मला काही नको.' त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उन्हाळ्यात बाहेर पडल्यावर तहान लागो न लागो, अर्ध्या-पाऊण तासानं चार घोट घ्यायचे. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.) मुलांना तहान लागते, पण नादात विसरतात. तेव्हा आम्ही एकमेकांना आठवण करायची असं ठरलं आणि हे काम तिनं माझ्यापेक्षा चोख केलं.

बाजीराव रस्त्यावरचं हे संग्रहालय पुण्यातल्या पुष्कळांनी शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेलं असतं आणि नंतर पाहुण्यांना दाखवण्यासाठी राखून ठेवलेलं असतं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत, पण घरचा धंदा चष्म्यांचा. त्या निमित्तानं जुन्या घराण्यांशी ओळखी झाल्या आणि त्यांच्या घरांतल्या जुन्या वस्तूंवर केळकरांची नजर गेली. त्यांनी जमवले ते दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं. रोज हात लागून झिजलेल्या वस्तू. संग्रह वीस हजारांच्या वर, त्यातल्या मांडलेल्या वस्तू सुमारे अडीच हजार. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी या संग्रहाला दिलं आणि पुढे सगळं राज्य शासनाच्या स्वाधीन केलं. हे मी रिक्षात नातीला सांगत होतो. तिनं एकच प्रश्न विचारला, "तो राजा केवढा होता?" म्हटलं, "लहान होता. तुझ्याएवढा असेल." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

आत शिरलो आणि मला काही दिसेना. नात पुढे पळाली, मी भिंतीला हात लावून उभा.

यात नवल काही नाही. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो. जुनी वस्त्रं, कागद, चित्रं यांच्यासाठी मात्र जगभरची संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवणं पसंत करतात, कारण रंग उजेडानं विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. फरक झाला दोन हजारपट. डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते, पण खरं काम दृष्टिपटलावरच्या रसायनांचं असतं. उन्हात खर्ची पडलेलं रसायन पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. मंद उजेडाला डोळा पूर्ण सरावायला तरुणपणीही वीस ते तीस मिनिटं लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. शिवाय म्हातारपणी बाहुली लहान होते आणि पहिल्यासारखी फाकत नाही. डोळ्यातलं भिंगही पिवळट होत जातं. हिशेब असा, की विशीतल्या दृष्टिपटलापर्यंत जितका उजेड पोचतो, त्याचा साधारण तिसरा हिस्साच साठीत पोचतो. आजोबा दिवसाढवळ्या दिवा लावून पेपर वाचतात म्हणून घरात कुरकुर होते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

उपाय सोपा आहे. उन्हातून आत आल्यावर आधी पाच-दहा मिनिटं बसावं, मग जिन्याकडे वळावं. मी बसलो. नात दोनदा परत येऊन बघून गेली.

दिव्यांपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला. समया, निरांजनं, साखळीला टांगायचे लामणदिवे. "आबा, इतके दिवे कशाला लागायचे?" तिच्या जगात दिवा म्हणजे भिंतीवरचं बटण. मग मी सुरू झालो. आमच्या गावी वीज आली तेव्हा मी सहावीत होतो. संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायची पाळी माझी असे. स्वयंपाकघरात रॉकेलची चिमणी. तिच्या उजेडात आजी तांदूळ निवडायची, म्हणजे बोटांनी चाचपायची. बोलता बोलता एक गोष्ट मला कित्येक वर्षांनी आठवली. आजी शेवटची काही वर्षं भिंत धरून चालायची. अंगणात कोण आलं ते आवाजावरून ओळखायची. तिच्या बाहुल्या पांढुरक्या दिसत. 'वयानं होतं तसं,' असं घरात सगळे म्हणत आणि आजीही तेच म्हणे. तो मोतीबिंदू होता हे मला वैद्यकीय कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. तोवर ती गेली होती.

नातीला हे शेवटचं सांगितलं नाही. तिला चिमणी म्हणजे पक्षी नव्हे, एवढंच नवल पुरेसं होतं.

तिथून वस्त्रांकडे आलो. काचेआड गडद रंगाचं एक वस्त्र होतं. मी तिला सांगायला लागलो, की काळ्या चंद्रकळेला पूर्वी किती मान होता, संक्रांतीला ती कशी नेसत. ती म्हणाली, "पण हे काळं नाहीये. निळं आहे."

"काळं आहे गं."

"आबा, निळं. शाईसारखं. तुला खरंच दिसत नाहीये?"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काळंच. शेजारी एक गृहस्थ उभे होते, पस्तिशीचे असतील. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "निळं आहे काका." तेव्हा सकाळचा मोजा आठवला.

चाळीस वर्षं मी दवाखाना चालवला. 'डोळे दाखवून या' असं किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. माझं भिंग पिवळं पडत चाललंय हे मला एका आठ वर्षांच्या मुलीनं सांगावं लागलं. पिवळी काच डोळ्यापुढे धरली तर निळा प्रकाश सगळ्यात आधी अडतो. वयानं पिवळं, मग तपकिरी होणारं भिंग हेच करतं. गडद निळ्यातला निळेपणा मधेच गळतो आणि उरतं ते काळं. हा बदल इतका सावकाश होतो, की मेंदू त्याच्याशी रोज थोडं जुळवून घेत राहतो. पांढरी भिंत पांढरीच वाटते. तक्रार करावी असं काही घडतच नाही.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं उदाहरण डोळ्यांचे डॉक्टर नेहमी देतात. १९१२ साली त्यांना मोतीबिंदूचं निदान झालं. शस्त्रक्रियेची त्यांना इतकी धास्ती, की ती झाली थेट १९२३ साली. मधल्या वर्षांतली त्यांची चित्रं लालसर, तपकिरी होत गेली. बागेतला तोच पूल ओळखू येईना. आयुष्यभर रंगांवर जगलेल्या माणसाचीही ही गत, तर मोजे काय घेऊन बसलात!

नातीचं एक मात्र मला सारखं टोचत होतं. प्रत्येक काचेला ती नाक लावत होती. "लांबून बघ, काच खराब होते," असं मी चारदा बजावलं. ती मागे व्हायची आणि मला पाठ फिरवायचीच खोटी, की नाक पुन्हा काचेवर. उत्साह आहे, म्हणून सोडून दिलं.

दीड तासानं दोघांचेही पाय बोलायला लागले. संग्रहालयात येणाऱ्या या थकव्याला नावही आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन इव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'म्युझियम फटीग' या विषयावर लेख लिहिला. कपाटातल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून माणसाला किती वाकावं, वळावं, उकिडवं बसावं लागतं, याचे फोटो काढून त्यांनी दाखवले. सलग चालण्यापेक्षा हे थांबत थांबत, मान वर-खाली करत चालणं जास्त दमवतं. म्हणून सगळं बघायचा हट्ट धरू नये. आम्ही मस्तानी महाल बघितला. हा महाल कोथरूडहून सोडवून आणून इथे पुन्हा उभा केला आहे, हे ऐकल्यावर "मग आपलं घर पण नेता येईल का?" यावर चर्चा झाली. मग बाहेर पडलो.

बाहेर रखरखीत ऊन. थोडं चालल्यावर एक रसवंती दिसली. उंबऱ्याच्या आत एक पायरी खाली होती. ती मला दिसलीच नाही. पाय हवेत गेला आणि मी पुढे झुकलो. माझा हात तिच्या हातात होता. तिनं दोन्ही हातांनी धरून मागे ओढलं, म्हणून एका गुडघ्यावर निभावलं. खरचटलं, बाकी काही नाही. रस पिताना माझे हात थरथरत होते आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी पेला टेबलावरच ठेवला.

दुकानदाराचा यात काही दोष नव्हता, पायरी तिच्या जागी होती. चूक तीन गोष्टींची मिळून. उन्हातून अंधारात एकदम शिरलो, ही पहिली. धूसर भिंगातून पायरीची कड आणि फरशी यांतला फरक कळत नाही, ही दुसरी. तिसरी माझ्या नाकावर होती, माझा दुहेरी चष्मा. त्याचा खालचा भाग हातभर अंतरावरचं वाचण्यासाठी असतो. पायरी असते चार-पाच फुटांवर. चालता चालता नुसती नजर खाली टाकली, की तिथलं सगळं अंधूक दिसतं. जिना उतरताना नजरेबरोबर मानही खाली घालावी आणि चष्म्याच्या वरच्या भागातून पायरीकडे बघावं. कठडा धरावा. पेशंटना मी हे सांगत असे.

पडण्याबद्दल थोडं गंभीरपणे सांगतो. खुब्याचं हाड मोडलेले पुष्कळ वृद्ध मी पाहिले. त्यातले कितीतरी पुन्हा पहिल्यासारखे चालले नाहीत, काही वर्षभरही राहिले नाहीत. पडण्याचं कारण विचारलं तर 'पाय घसरला' एवढंच उत्तर मिळे. दिसलं नाही, असं कुणी म्हणत नसे. २००५ साली ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांपैकी निम्म्यांची पहिल्या डोळ्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया लगेच केली, बाकीच्यांची नेहमीच्या प्रतीक्षायादीप्रमाणे. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये वर्षभरात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेनं हाडं वाचतात, हे सत्तरीच्या माणसाला गुडघ्याला आयोडिन लावताना चांगलं पटतं.

पण त्या दिवसाचं काम अजून संपलं नव्हतं. बसथांब्यावर उभे होतो. लांबून बस येताना दिसली, पाटीवर लाल दिव्यांचे मोठे आकडे. सहज म्हणालो, "नंबर वाच बघू." तिनं डोळे बारीक केले. "जवळ आली की सांगते." मला नंबर दिसत होता. माझ्या त्या पिवळ्या भिंगांमधूनसुद्धा दिसत होता. मग काचेवरचं नाक आठवलं. घरी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसायची तिची सवय आठवली, जिच्याबद्दल आम्ही सगळे तिला ओरडत होतो.

दोन दिवसांनी आम्ही दोघंही नेत्रतज्ज्ञांकडे शेजारी शेजारी बसलो होतो, बाहुली मोठी करायचे थेंब घालून, डोळे मिटून. तिला दोन्ही डोळ्यांना उणे दीडच्या आसपास नंबर निघाला. मला दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवीकडे जास्त.

मुलांच्या लघुदृष्टीत डोळ्याचा गोल जरा लांबट वाढतो आणि लांबच्या वस्तूचं चित्र दृष्टिपटलाच्या अलीकडेच उमटतं. फळा दिसत नाही अशी तक्रार मूल करत नाही, कारण फळा असाच दिसतो असं त्याला वाटत असतं. नंबर एकदा लागला, की उंची वाढते तसा तोही वाढतो. तो लागूच नये म्हणून काय करावं, याचं एक बरंचसं भरवशाचं उत्तर आहे, ते म्हणजे दिवसाउजेडी बाहेर खेळणं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सहा शाळांत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी झाली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. मोकळ्यावरच्या प्रखर उजेडामुळे दृष्टिपटलात डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबट वाढीला आवर घालतं, असा संशोधकांचा कयास आहे. ऊन टळल्यावर संध्याकाळी साडेपाचला मुलांना बाहेर काढलं तरी घरातल्यापेक्षा उजेड कितीतरी जास्त असतो. शाळेत घालण्याआधी एकदा आणि नंतर दर वर्षी डोळे तपासून घ्यावेत. चष्म्यानं नंबर वाढतो, हा समज सोडावा.

माझ्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तेव्हा घरात परिषद भरली. "मे महिन्यात कशाला? उन्हाळा डोळ्यांना बाधतो. दिवाळीनंतर करू," हा एक सूर. "अजून पिकला नसेल," हा दुसरा. दोन्ही एकेकाळी खरे होते. तेव्हा डोळ्यावर मोठा छेद घेत, टाके घालत आणि रोग्याला दिवसेंदिवस हलू देत नसत. घाम आणि धूळ यांची भीती रास्त होती. आता छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो, बहुधा टाकाही लागत नाही, त्याच दिवशी घरी सोडतात. डोळ्यात पाणी, धूळ जाऊ न देण्याची काळजी काही आठवडे घ्यावी लागते, पण ती बाराही महिने सारखीच. आणि पिकू द्यायचा तर मुळीच नाही. जास्त पिकलेलं भिंग कडक होतं आणि काढायला अवघड जातं. रोजच्या कामात अडू लागलं, की वेळ झाली. मधुमेह असेल तर तो आटोक्यात हवा, एवढं बघावं.

आणखी एक फसवं लक्षण सांगून ठेवतो. माझ्या एक पेशंट आजी कौतुकानं सांगत, "डॉक्टर, हल्ली चष्म्याशिवाय पोथी वाचते." मोतीबिंदूनं भिंगाचा मधला भाग घट्ट होत जातो, त्याची शक्ती वाढते आणि काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं. घरी पेढे वाटायच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. म्हणजे तीनातले दोघे बऱ्या होण्याजोग्या कारणानं अंधारात आहेत. माझ्या आजीच्या वेळी निदान दवाखाना लांब होता.

जूनमध्ये उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरी आल्यावर मी एक-एक डोळा झाकून बघत बसलो. न्हाणीघरातल्या फरश्या मी दहा वर्षं बदामी समजत होतो. उजव्या डोळ्यानं त्या पांढऱ्या निघाल्या. डाव्यानं बघितलं की परत बदामी. आरशात स्वतःला बघून सुरकुत्यांचाही अंदाज आला, पण त्याबद्दल इथे नको. मग कपाटाचा खण उघडून मोज्यांचे सहा काळे जोड पलंगावर मांडले. त्यातले काळे दोनच होते.

संध्याकाळी मुंबईला फोन लावून नातीला हे सांगितलं. तिला नवा चष्मा लागून तेव्हा पंधरवडा झाला होता आणि आता झाडाची पानं खालून मोजता येतात, हे तिला मला सांगायचं होतं. ते सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मोज्यांचं तर मी तुला तेव्हाच सांगितलं होतं."